लिनक्स टाकलं, पण बॉक्स सुरूच होईना! छोट्या कॉम्प्युटरवरचा बिघाड शोधायचा कसा?

घरातला जुना अँड्रॉइड टीव्ही बॉक्स आता कुणी वापरत नाही. ॲप अपडेट होत नाहीत, यूट्यूब अडखळतं आणि बॉक्स टीव्हीमागे धूळ खात पडलेला असतो. मग कुठल्या तरी व्हिडिओत दिसतं, की याच बॉक्सवर लिनक्स टाकून त्याचा छोटा सर्व्हर करता येतो. घरभराच्या इंटरनेटवरच्या जाहिराती अडवता येतात, फोटोंचा बॅकअप ठेवता येतो, मुलांना कोडिंग शिकवता येतं.

फाइल डाउनलोड होते, कार्डवर चढते, कार्ड बॉक्समध्ये जातं. आणि समोर काळी स्क्रीन. किंवा पुन्हा तोच जुना अँड्रॉइड.

यानंतर बहुतेक जण एकच गोष्ट करतात. दुसरी फाइल, मग तिसरी, मग चौथी टाकून बघतात. दोन रविवार जातात, शेवटी वैतागून कुणी बॉक्सच्या आतल्या मेमरीवरच काहीतरी लिहितं आणि चालू असलेला बॉक्सही कायमचा बंद पडतो.

यातला बराचसा त्रास टाळता येतो. कारण अशा वेळी दोष लिनक्सचाच असतो असं नाही. तो अनेकदा चार्जरचा, केबलचा, मेमरी कार्डचा किंवा एका चुकीच्या फाइलचा असतो. फक्त तपासण्याचा क्रम माहीत असावा लागतो.

सिंगल बोर्ड कॉम्प्युटर आणि टीव्ही बॉक्स, फरक काय?

प्रोसेसर, रॅम, यूएसबी, एचडीएमआय असं सगळं एकाच छोट्या पाटीवर बसवलेला कॉम्प्युटर म्हणजे सिंगल बोर्ड कॉम्प्युटर. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव रास्पबेरी पाय. २९ फेब्रुवारी २०१२ ला इंग्लंडमध्ये तो विक्रीला आला, किंमत होती ३५ डॉलर. मुलांनी कॉम्प्युटर नुसता वापरू नये, तर तो समजून घ्यावा, हा त्यामागचा हेतू होता. पुढे ऑरेंज पाय, बनाना पाय, ओड्रॉइड असे कितीतरी बोर्ड आले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार भरलेला असतो, तिथं चक्कर मारली तर बोर्ड, केबल आणि सुटे भाग शोधता येतात.

टीव्ही बॉक्सच्या आतही साधारण असंच असतं. ॲमलॉजिक, रॉकचिप किंवा ऑलविनर कंपनीची एआरएम चिप, थोडी रॅम आणि ईएमएमसी नावाची आतली मेमरी. फरक एवढाच, की रास्पबेरी पाय बनवणारी कंपनी लिनक्स चालावं म्हणूनच बोर्ड बनवते आणि माहिती जाहीर करते. टीव्ही बॉक्स फक्त अँड्रॉइडसाठी बनलेला असतो. त्याचा नकाशा कुणी देत नाही.

एक गल्लत इथंच टाळलेली बरी. केबल किंवा डिश कंपनीने दिलेला सेट-टॉप बॉक्स आणि बाजारात सुटा मिळणारा टीव्ही बॉक्स या वेगळ्या गोष्टी आहेत. सेट-टॉप बॉक्समध्ये सहसा कंपनीची सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होतं. त्यावर लिनक्स टाकायचा खटाटोप बहुतेक वेळा वाया जातो.

लॅपटॉपवर चालणारं लिनक्स इथं का अडतं?

लॅपटॉपवर एकच उबुंटूची पेनड्राइव्ह डेलवरही चालते आणि एचपीवरही. कारण तिथं बायोस किंवा यूईएफआय नावाचं सॉफ्टवेअर आधी जागं होतं आणि कॉम्प्युटरमध्ये काय काय जोडलंय हे लिनक्सला सांगतं. ग्राफिक्स कार्ड, वाय-फाय कार्ड हे भाग विचारल्यावर स्वतःची ओळखही देतात.

बहुतेक छोट्या एआरएम बोर्डांवर अशी सोय नसते. कोणत्या पिनला दिवा आहे, नेटवर्कची चिप कुठं बसवलीये, वाय-फायला वीज कुठून मिळते, हे लिनक्सला आधीच लिहून द्यावं लागतं. या लिखित नकाशाला डिव्हाइस ट्री म्हणतात. त्याच्या तयार फाइलला बोलीभाषेत डीटीबी.

पूर्वी तर ही माहिती थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये, प्रत्येक बोर्डासाठी वेगळी लिहिली जायची. पसारा इतका वाढला, की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एआरएमच्या या गोंधळावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमची दुनिया वेगाने डिव्हाइस ट्रीकडे वळली. २०१२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून एकच कर्नल वेगवेगळ्या एआरएम चिपांवर चालवणं शक्य होऊ लागलं.

याचा अर्थ असा, की कर्नल एक असला तरी नकाशा ज्या त्या बोर्डाचाच लागतो. शेजाऱ्याच्या बॉक्सवर चाललेली फाइल आपल्याकडे चालेलच असं नाही, त्याचं कारण हे.

पहिला संशय विजेवर

बोर्ड मध्येच रीस्टार्ट होतो, यूएसबी डिस्क गायब होते, कधी सुरू होतो तर कधी नाही. अशी लक्षणं दिसली की आधी चार्जर बघावा.

मोबाइलचा चार्जर आणि बोर्डाचा पॉवर सप्लाय दिसायला सारखेच असतात. पण फास्ट चार्जर मोबाइलशी बोलणी करून ९ किंवा १२ व्होल्ट देतो, आणि ती बोलणी झाली नाहीत तर ५ व्होल्टवर त्याची ताकद अनेकदा तोकडी पडते. बोर्डाला तर ५ व्होल्टवरच भरपूर करंट हवा असतो. रास्पबेरी पाय ४ साठी ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर सांगितलेत. रास्पबेरी पाय ५ साठी ५ अँपिअर. त्याला ३ अँपिअरचा सप्लाय लावला तर तो सुरू होतो, पण यूएसबीला मिळून ६०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त देत नाही. मग हार्ड डिस्क का चालत नाही, म्हणून माणूस ड्रायव्हर शोधत बसतो.

केबलही तितकीच महत्त्वाची. बारीक, लांब केबलमध्ये व्होल्टेज वाटेतच पडतं. रास्पबेरी पायमध्ये ते साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं, की स्क्रीनवर विजेची खूण दिसते किंवा नोंदींमध्ये कमी व्होल्टेजचा इशारा येतो.

रास्पबेरी पायवर हे एका आज्ञेने तपासता येतं. ‘व्हीसीजेनकमांड गेट-थ्रॉटल्ड’ असं तिचं नाव (टाइप करताना शेवटच्या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर). उत्तरात नुसता शून्य आला तर सगळं ठीक. शेवटी ५०००० आलं तर बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडली आणि वेग उतरवावा लागला. ५०००५ आलं तर ते या क्षणीही चालू आहे.

टीव्ही बॉक्समध्ये अशी सोय सहसा नसते. तिथं मूळ ॲडॅप्टर वापरावा, तो जुना असेल तर तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावून बघावा. व्होल्ट मात्र बदलायचे नाहीत. काही बॉक्स ५ व्होल्टचे असतात, काही १२ चे, आणि पिन तीच बसते. ५ च्या बॉक्सला १२ व्होल्ट लावले तर पुढचं काही तपासायची गरजच उरत नाही.

दुसरा संशय कार्डवर

मेमरी कार्ड हे कॅमेऱ्यात फोटो साठवायला बनलेलं असतं. लिनक्स त्यावर दिवसरात्र छोट्या छोट्या नोंदी लिहीत असतं. त्यामुळे साधं कार्ड लवकर थकतं. घेताना त्यावर ए१ किंवा ए२ ही खूण बघावी. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं. ए२ म्हणजे ४००० आणि २०००.

त्याहून मोठा घोळ नकली कार्डांचा. वर ६४ जीबी छापलेलं असतं, आत ८ जीबीच असते. सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं आणि खरी जागा संपली की फाइल बिघडू लागतात. लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू ही मोफत साधनं कार्ड पूर्ण भरून, परत वाचून खरा आकार सांगतात. नवं कार्ड आणल्यावर हे एकदा करावंच. मात्र तपासणीआधी कार्डवरचं महत्त्वाचं काही असेल तर काढून ठेवावं.

कार्डवर सिस्टिमची फाइल चढवण्याचेही नियम आहेत. ती नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. बलेना एचर किंवा रास्पबेरी पाय इमेजर अशा साधनानेच लिहावी लागते. लिहून झाल्यावर ही साधनं पडताळणी करतात, ती ‘स्किप’ करू नये. डाउनलोड अर्धवट झालं असेल तर तेही पकडायला हवं, त्यासाठी वेबसाइटवर दिलेला चेकसम जुळवून बघावा.

आणि एक नेहमीची फसगत. कार्ड तयार झालं की विंडोज विचारतं, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ लिनक्सचा विभाग विंडोजला वाचता येत नाही, म्हणून हा प्रश्न येतो. घाईत ‘हो’ दाबलं, की केलेलं काम पुसलं जातं. मग बोर्ड सुरू होत नाही आणि खापर लिनक्सवर फुटतं.

चालू सिस्टिम अचानक ‘फक्त वाचता येईल’ अशा अवस्थेत गेली, काहीच सेव्ह होईना, तर तो कार्डाचा इशारा समजावा. लिनक्सला फाइल सिस्टिममध्ये गडबड दिसली, की आणखी नुकसान नको म्हणून ते लिहिणं थांबवतं. अशा वेळी पुन्हा पुन्हा रीस्टार्ट न करता आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे काढाव्यात. घरात वारंवार लाइट जात असेल तर हा धोका जास्त. म्हणून बोर्ड बंद करताना थेट बटण न बंद करता आधी शटडाउन करावा आणि शक्य असेल तर इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवावा.

स्क्रीन काळी, पण दिवे काही सांगतात का?

स्क्रीनवर काही नाही म्हणजे बोर्ड मेलाय, असं नाही. रास्पबेरी पाय ४ ला दोन छोटे एचडीएमआय आहेत. पॉवरच्या पिनजवळचा तो पहिला. केबल आधी त्यातच लावावी आणि टीव्ही आधी चालू करून मग बोर्डाला वीज द्यावी.

मग हिरवा दिवा बघावा. तो अनियमित लुकलुकत असेल तर कार्ड वाचलं जातंय. ठरावीक लयीत लुकलुकून थांबत असेल तर तो निरोप आहे. ४ वेळा म्हणजे सुरुवातीची फर्मवेअर फाइल सापडली नाही. ७ वेळा म्हणजे कर्नल सापडला नाही. दोन्हीचा सोपा अर्थ, कार्ड नीट लिहिलं गेलेलं नाही. ८ वेळा म्हणजे रॅमची तक्रार. ती सहसा कार्ड बदलून सुटत नाही.

बोर्ड नेटवर्कच्या केबलने राउटरला जोडून बघणंही सोपं. राउटरच्या यादीत त्याचं नाव आलं तर सिस्टिम सुरू झालेली आहे, प्रश्न फक्त चित्राचा आहे. पहिल्यांदा सुरू होताना सिस्टिम कार्डची उरलेली जागा ताब्यात घेते, त्यात काही मिनिटं जाऊ शकतात. तेवढी वाट न बघता वीज काढली, तर चांगलं कार्डही बिघडतं.

टीव्ही बॉक्स कार्डकडे बघतच नाही

टीव्ही बॉक्सच्या बाबतीत हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कार्ड आत आहे, तरी अँड्रॉइडच सुरू होतं. कारण कुठून सुरू व्हायचं, हे चिपच्या आत पक्कं लिहिलेलं असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

ऑलविनरच्या एच३, एच६, एच६१६ या चिपा आधी कार्ड बघतात, मग आतली मेमरी. त्यामुळे त्या हाताळायला सोप्या. रॉकचिपच्या अनेक चिपा आधी ईएमएमसी बघतात. तिथं सुरू होण्यासारखं काही सापडलं, तर कार्डकडे वळायचं की नाही हे त्या आतल्या सॉफ्टवेअरच्या मर्जीवर. ॲमलॉजिकच्या बॉक्समध्येही सहसा कंपनीचा यू-बूट आधी जागा होतो आणि तोच पुढचं ठरवतो.

यू-बूट म्हणजे कर्नलला उठवणारा छोटा प्रोग्राम. त्याला ‘बाहेर बघ’ असं एकदा सांगावं लागतं. अनेक ॲमलॉजिक बॉक्समध्ये त्यासाठीचं बटण एव्हीच्या गोल भोकाच्या आत लपलेलं असतं. वीज काढायची, कार्ड घालायचं, दात कोरायच्या काडीने ते बटण हलकेच दाबून धरायचं आणि मग वीज द्यायची. लोगो बदलला की सोडायचं. एकदा हे जमलं, की पुढे बॉक्स कार्ड आपोआप शोधायला लागतो.

पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर बटण धरून ठेवण्याचा वेळ बदलून बघावा. कार्डऐवजी पेनड्राइव्ह किंवा यूएसबीचं दुसरं पोर्ट वापरूनही फरक पडतो.

नकाशा चुकला तर?

बॉक्स कार्डवरून सुरू होतो, पण मध्येच अडकतो. किंवा चित्र येतं, पण नेटवर्क नाही. इथं डीटीबी तपासायची वेळ येते.

आर्मबियन हे अशा बोर्डांसाठीचं डेबियन आणि उबुंटूवर आधारलेलं लिनक्स. त्यात टीव्ही बॉक्सला अधिकृत पाठबळ नाही, ते काम हौशी मंडळी सांभाळतात. ॲमलॉजिक बॉक्ससाठीच्या कार्डवर बूट विभागात एक साधी मजकूर फाइल असते, तीत कोणती डीटीबी वापरायची तिचं नाव लिहायचं. चिपनुसार यू-बूटची योग्य फाइल निवडून तिचं नावही बदलावं लागतं. हे दुसरं पाऊल अनेकांकडून राहून जातं. कोअरएलेक नावाच्या ॲमलॉजिकसाठीच्या सिस्टिममध्ये पद्धत आणखी सोपी आहे. एका फोल्डरमध्ये सगळे नकाशे असतात, हवा तो बाहेर आणून ठरलेलं नाव द्यायचं.

कोणता निवडायचा? ॲमलॉजिकच्या एस९१२ चिपचं उदाहरण घेऊ. तिच्यासाठी क्यू२०० आणि क्यू२०१ असे दोन मूळ नकाशे आहेत. पहिला बाहेरची गिगाबिट नेटवर्क चिप असलेल्या बोर्डासाठी, दुसरा आतल्या १०० मेगाबिटच्या नेटवर्कसाठी. चुकीचा निवडला तर बाकी सगळं चालेल, फक्त केबलचं इंटरनेट चालणार नाही. दुसरा लावला की चालेल.

त्यासाठी आत खरोखर कोणती चिप आहे हे माहीत हवं. आणि खोक्यावर छापलेलं खरं असेलच असं नाही. ४ जीबी रॅम सांगून २ जीबी देणं, नवी चिप सांगून जुनी बसवणं हे स्वस्त बॉक्समध्ये होत आलंय. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्येही खोटे आकडे दाखवले जातात. शंका असेल तर बॉक्स उघडून चिपवरचा आणि बोर्डावरचा छापील क्रमांक वाचावा. खालचे स्क्रू बऱ्याचदा रबरी पायांच्या खाली लपलेले असतात.

सगळं फसलं तर सिरीयल केबल

स्क्रीन सुरू होण्याआधीही बोर्ड बोलत असतो, फक्त ते दिसत नाही. ते ऐकायचं साधन म्हणजे यूएसबी ते सिरीयल ॲडॅप्टर. अंधारात चाचपडत दहा फाइल बदलण्यापेक्षा ही एक छोटी वस्तू जास्त कामाची.

बोर्डावर ग्राउंड, टीएक्स आणि आरएक्स अशा खुणा शोधायच्या. ग्राउंडला ग्राउंड जोडायचं, पण टीएक्स समोरच्या आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला. बोर्डाला त्याच्या स्वतःच्या ॲडॅप्टरवर वीज असताना सिरीयल केबलची विजेची तार जोडायची नाही. आणि ॲडॅप्टर ३.३ व्होल्टवर असावा. ५ व्होल्टने चिप जळू शकते.

वेगही जुळावा लागतो. रास्पबेरी पाय, ऑलविनर आणि ॲमलॉजिकवर तो बहुधा १,१५,२०० असतो. रॉकचिपच्या अनेक बोर्डांवर १५,००,०००. स्क्रीनवर अगम्य चिन्हं दिसली तर बोर्ड बिघडलेला नसतो, वेग चुकलेला असतो.

मग ओळी वाचायच्या. काहीच येत नसेल तर वीज, जोडणी किंवा चिपची सुरुवात. यू-बूटपर्यंत येऊन थांबलं तर कार्ड किंवा फाइलचं नाव. कर्नल सुरू होऊन थांबला तर बहुधा डीटीबी. ‘रूट सापडत नाही’ अशा अर्थाची ओळ आली तर कार्डचा विभाग. शेवटची ओळ कुठं थांबली यावरून दोष कुठल्या टप्प्यावर आहे ते कळतं.

सुरू झालं, पण लॉगिन, वाय-फाय, मराठी?

लिनक्स उभं राहिल्यावरच्या तक्रारींमागे अनेकदा जुने व्हिडिओ असतात. रास्पबेरी पायवर पूर्वी ‘पाय’ हे युजरनेम आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड तयार मिळायचा. एप्रिल २०२२ मध्ये सुरक्षेसाठी तो काढून टाकला. आता कार्ड लिहितानाच इमेजरमध्ये नाव आणि पासवर्ड ठरवता येतो. ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम बदलला आणि बूटच्या फाइलींची जागाही हलली. त्याआधीच्या व्हिडिओतली वाय-फायची फाइल कार्डवर टाकून आता काही होत नाही. म्हणून व्हिडिओची तारीख आधी बघावी.

रास्पबेरी पायवर वाय-फाय बंदच दिसत असेल तर देश निवडलाय का ते बघावं. कोणत्या लहरी वापरायच्या याचे नियम देशागणिक वेगळे असतात, त्यामुळे देश निवडेपर्यंत वाय-फाय अडवलेलं असतं. टीव्ही बॉक्सचं दुखणं वेगळं. त्यांत बसवलेल्या काही स्वस्त वाय-फाय चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये नाहीतच. त्यांच्यामागे आठवडे घालवण्यापेक्षा नेटवर्क केबल वापरावी किंवा लिनक्सला ओळखीचा यूएसबी वाय-फाय घ्यावा. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क शेजारी असेल तर तिच्यामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला व्यत्यय येतो, हेही लक्षात ठेवावं.

इंटरनेट आहे, पण अपडेट होत नाही? घड्याळ बघावं. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ मध्ये ते आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. लाइट जाऊन आली की बोर्ड जुन्या तारखेत जागा होतो, वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं त्याला अवैध वाटतात आणि अपडेट नाकारलं जातं.

मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसत असतील तर भाषेचं पाठबळ नाही असं नव्हे, फॉन्ट नाहीत. छोट्या आकाराच्या सिस्टिममध्ये ते गाळलेले असतात. लोहित किंवा नोटो देवनागरी हे मोफत फॉन्ट टाकले की डेस्कटॉपवर मराठी नीट दिसते. मात्र नुसत्या काळ्या पडद्याच्या कन्सोलवर जोडाक्षरं नीट उमटत नाहीत, ती त्याची मर्यादाच आहे.

उन्हाळ्यात बोर्ड हळू चालत असेल तर तापमान बघावं. रास्पबेरी पाय ८० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करू लागतो. विदर्भात मे महिन्यात टीव्हीमागच्या बंद कप्प्यात ठेवलेल्या बोर्डाला तिथवर पोचायला फार कष्ट पडत नाहीत. हीटसिंक, छोटा पंखा, किंवा नुसती जागा बदलणं पुरतं.

आतल्या मेमरीला हात लावण्याआधी

कार्डवरचा प्रयोग फसला तर कार्ड काढायचं, बॉक्स पूर्वीसारखा. पण ईएमएमसीवर चुकीचं काही लिहिलं, की परतीची वाट अवघड होते. म्हणून कार्डवरून सगळं, म्हणजे चित्र, आवाज, नेटवर्क, काही दिवस नीट चालल्याशिवाय आत लिहू नये. लिहायचंच ठरलं तर कार्डवरच्या लिनक्समधून आतल्या मेमरीची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. प्रत काढतानाही ‘कुठून’ आणि ‘कुठे’ ही दोन नावं दोनदा वाचावीत. त्यांची अदलाबदल झाली तर जपायचं तेच पुसलं जातं.

तरीही बॉक्स बंद पडला तर वाट असते. ॲमलॉजिकला कंपनीचं यूएसबी बर्निंग टूल, रॉकचिपला मास्करॉम मोड, ऑलविनरला एफईएल मोड. चिप यूएसबीवरून नवं सॉफ्टवेअर घ्यायला तयार होते ती ही अवस्था. पण त्यासाठी त्या बोर्डाची नेमकी मूळ फाइल लागते, कधी दोन बिंदू शॉर्ट करावे लागतात. बॅकअप असेल तर हे काम एका दुपारचं. नसेल तर बॉक्स बहुधा ई-कचऱ्यात जातो.

मग हा खटाटोप करायचाच कशाला?

एक कारण सुरक्षेचं आहे. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातल्या एका सुरक्षा संशोधकाला टी९५ नावाच्या स्वस्त बॉक्समध्ये मालवेअर आधीपासूनच भरलेलं आढळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्यूमन सिक्युरिटी या संस्थेने अशा उपकरणांचं ‘बॅडबॉक्स’ हे जाळं उघड केलं. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ३०,००० पर्यंत उपकरणांचा त्या जाळ्याशी होणारा संपर्क तोडला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नागरिकांना इशारा दिला. जुलै २०२५ मध्ये गुगल कोर्टात गेलं, तेव्हा अशा उपकरणांची संख्या १ कोटीहून जास्त सांगितली गेली. घरमालकाला पत्ता नसताना त्याचं इंटरनेट जाहिरातींच्या घोटाळ्यासाठी किंवा इतरांच्या गैरकृत्यांसाठी वापरलं जातं, असं हे प्रकरण.

कार्डवरून लिनक्स चालू असतं तेव्हा आतलं अँड्रॉइड झोपलेलं असतं, त्याचं मालवेअरही चालत नाही. पण ते पुसलेलं नसतं. कार्ड काढून बॉक्स सुरू केला की ते पुन्हा घराच्या वाय-फायवर हजर. म्हणून संशयास्पद बॉक्स अँड्रॉइडवर असताना नेटवर्कला जोडू नये.

आणि थांबायचं कधी, हेही ठरवून ठेवावं. चांगला चार्जर, तपासलेलं कार्ड, खरी चिप ओळखून निवडलेली डीटीबी, एवढं करूनही बॉक्स हलला नाही आणि त्या चिपसाठी लिनक्सचं कामच कुणी केलेलं नसेल, तर दोष कुणाच्याच हाताचा नाही. मदत मागायची असेल तर ‘चालत नाही’ एवढंच न सांगता चिपचं नाव, बोर्डावरचा क्रमांक, सिस्टिमची आवृत्ती आणि सिरीयल केबलवरच्या शेवटच्या ओळी द्याव्यात. नीट विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

वीज, कार्ड, सुरुवातीचा क्रम, नकाशा आणि मग सॉफ्टवेअर. याच क्रमाने, एका वेळी एकच गोष्ट बदलत आणि बदललेलं वहीत लिहीत गेलं, तर टीव्हीमागे पडलेला तो बॉक्स आणखी काही वर्षं घरच्या कामी येऊ शकतो.